बेबाक झालं, पण सातबारा कोरा झाला का? ई-हक्कवरच्या ‘बोजा कमी करणे’ सेवेचं परीक्षण

‘खातं बेबाक झालं’ हे वाक्य गावच्या सोसायटीत, पतसंस्थेत, जिल्हा बँकेच्या शाखेत आजही रोज ऐकू येतं. शब्द जुन्या दप्तरी मराठीतला आहे. ‘बे’ म्हणजे विना, हा फारसी उपसर्ग. बेहिशेबी, बेवारस, बेकायदा यांत आहे तोच. ‘बाकी’ मूळ अरबी, अर्थ उरलेलं. थकबाकी, वजाबाकी, येणेबाकी हे सगळं त्याच घरातलं. म्हणून बेबाक म्हणजे ज्यात काही उरलेलं नाही ते खातं, तो हिशेब, आणि तसं लिहून दिलेला कागद म्हणजे बेबाकी दाखला.

वर्तमानपत्रांत ‘बेबाक वक्तव्य’ असं जे छापून येतं, तो शब्द निराळाच आहे. तिथे फारसी ‘बाक’ म्हणजे भीती. बेबाक म्हणजे निर्भीड. फारसी-उर्दू लिपीत दोन्ही शब्दांतला ‘क’ वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात, त्यामुळे घोळ होत नाही. देवनागरीत दोन्ही एकाच साच्यात बसले आणि हिंदीतून आलेल्या निर्भीड बेबाकने कर्ज फिटलेल्या बेबाकला हळूहळू झाकून टाकलं. शहरी वाचकाला आता निर्भीड हाच अर्थ आठवतो. दाखल्यावर मात्र कर्ज फिटल्याचाच चालतो.

याच गोतातला आणखी एक शब्द ‘फारकत’. अरबी ‘फारिग’ म्हणजे मोकळा झालेला, ‘खत’ म्हणजे लेख. फारिगखती म्हणजे ‘तुझ्याकडून माझं काही येणं नाही, तू मोकळा’ असं लिहून दिलेलं पत्र. त्याची झीज होऊन फारखत, फारकत झालं. मग नवरा-बायकोच्या काडीमोडाला तो शब्द लागला आणि आता राजकारणात ‘पक्षाशी फारकत घेतली’ असा वापरतात. खरेदीखत, गहाणखत यांतलं ‘खत’ तेच. मोकळं होण्याच्या या शब्दात मुळातच लेख आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. तोंडी मोकळं होणं या व्यवहारात कधीच पुरेसं धरलेलं नाही.

आज तो लेख पूर्ण होतो सातबाऱ्यावर. पैसे भरले म्हणजे कर्ज संपलं, पण जमिनीच्या उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचं नाव आणि रक्कम तशीच बसलेली असते. हाच बोजा. फेरफार, म्हणजे नोंदीतला अधिकृत बदल, झाल्याशिवाय ती ओळ आपोआप उतरत नाही. जमीन विकायला काढली, वाटणी करायची ठरली किंवा दुसऱ्या बँकेत कर्जाला गेलं की ती ओळ आडवी येते. ती उतरवण्याची घरबसल्या सोय म्हणजे ई-हक्क. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ‘पब्लिक डेटा एंट्री’ संकेतस्थळावर ती आहे. वारस नोंद, मयताचं नाव कमी करणे, अज्ञान (वयात न आलेल्या) खातेदाराच्या पालनकर्त्याचा शेरा काढणे, एकत्र कुटुंब मॅनेजरची नोंद काढणे असे इतर अर्जही तिथेच होतात. हे परीक्षण फक्त ‘बोजा कमी करणे’ या अर्जाचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो: सेवा चांगली आहे आणि वापरावी. तलाठी कार्यालयात दिलेल्या कागदी अर्जाचं काय झालं हे कळायला मार्ग नसायचा. इथे अर्जाला क्रमांक मिळतो, तो कुणाच्या टेबलावर आहे ते दिसतं आणि परत आला तर का परत आला तेही लिहिलेलं असतं. पण अर्ज अडतात ते बहुधा संकेतस्थळामुळे नाही, बँकेने दिलेल्या पत्रामुळे. त्या पत्रावर जेवढी मेहनत घ्याल तेवढं पुढचं काम सोपं.

बँकेतून तीन निरनिराळे कागद मिळू शकतात आणि लोक ते एकच समजतात. पहिला बेबाकी दाखला. याला कुणी ‘निल’चा दाखला म्हणतं, कुणी ना-देय, कुणी ‘नो ड्यूज’. यात फक्त एवढंच असतं की अमुक कर्ज खात्यावर अमुक तारखेस काही येणे नाही. दुसरा नाहरकत दाखला. त्याचा अर्थ बँकेची हरकत नाही, एवढाच. कर्ज चालू असतानाही एखाद्या कामापुरता तो मिळतो. म्हणून निव्वळ नाहरकत दाखला पाहून कर्ज फिटलं असं कुणी धरू नये. तिसरा कागद म्हणजे तलाठ्याला उद्देशून लिहिलेलं बोजा कमी करण्याचं पत्र. ई-हक्कला खरी गरज याची असते, आणि नेमका हाच कागद शाखा न मागता देत नाही.

पत्र नीट हवं म्हणजे काय, ते उताऱ्यावरच्या ओळीवरून कळतं. समजा, इतर अधिकारात अशी नोंद आहे: ‘बोजा – विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, इकरार रु. १,५०,०००/- (४१२)’. शेवटी कंसात आहे तो फेरफार क्रमांक. म्हणजे गावच्या फेरफार नोंदवहीत, गाव नमुना ६ मध्ये, ४१२ क्रमांकाने हा बोजा चढला. पत्रात गावाचं नाव व तालुका, गट क्रमांक हिश्श्यासह, खातेदाराचं नाव उताऱ्यावर आहे तसं अक्षरशः, बोजाची मूळ रक्कम आणि हा ४१२ क्रमांक आलाच पाहिजे. शिवाय कर्ज खाते क्रमांक, पूर्ण फेड झाल्याची तारीख, ‘सदर बोजा कमी करण्यास हरकत नाही’ हे स्पष्ट वाक्य, जावक क्रमांक, शाखेचा शिक्का, सही करणाऱ्याचं नाव व हुद्दा. शाखेतल्या संगणकातून निघणाऱ्या ठरीव दाखल्यात कर्ज खाते क्रमांक असतो, गट क्रमांक नसतो. तलाठ्याकडे नेमकं उलटं: त्याच्याकडे गट आहे, खाते क्रमांक नाही. दोन्ही एका कागदावर आले तरच त्याला ताळा करता येतो. म्हणून बँकेत जाताना ताजा सातबारा हातात घेऊन जावं आणि पत्र त्यावरून लिहून घ्यावं. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. इथे तोच घ्यावा.

‘इकरार’ या शब्दाबद्दल थोडं. पुष्कळ जण तो ‘ई-करार’ असा फोडून लिहितात आणि संगणकावर केलेला काहीतरी करार असं समजतात. सरकारी कागदांतही आता हेच रूप रुळलं आहे. मूळ शब्द अरबी ‘इकरार’, अर्थ कबुली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे सभासद सोसायटीला लिहून देतो की माझ्या या जमिनीवर तुमच्या कर्जाचा भार राहील. ती कबुली म्हणजे इकरार. यातली व्यवहाराची गोष्ट अशी की पीककर्ज दरवर्षी फिरतं. पुढच्या हंगामात त्याच सोसायटीकडून कर्ज उचलायचं असेल तर या वर्षी भरणा झाला म्हणून इकरार उतरवण्याच्या मागे लागू नये. सोसायटी कायमची सोडायची असेल, जमीन विकायची असेल किंवा दुसऱ्या बँकेत जायचं असेल तेव्हाच अर्ज करावा.

आता अर्ज. संकेतस्थळावर आधी खातं उघडावं लागतं. मोबाइल क्रमांक चालू असलेला द्यावा, कारण निरोप त्यावरच येतात. आत गेल्यावर सातबारा फेरफाराचा पर्याय निवडायचा, मग जिल्हा, तालुका, गाव. फेरफाराच्या प्रकारांत बोजा दाखल करण्याचा आणि बोजा कमी करण्याचा असे दोन पर्याय असतात आणि घाईत पहिल्यावर बोट पडतं. तो अर्ज पुढे दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवा भरणं बरं. त्यानंतर अर्जदाराची माहिती, बँकेचं नाव, शाखा, रक्कम, जुना फेरफार क्रमांक आणि गट. जमिनीचे हिस्से पडले असतील तर इथे सावध राहावं: गट ११२ वर बोजा चढला आणि पुढे वाटणीत ११२/१, ११२/२, ११२/३ झाले, तर बोजा तिन्ही उताऱ्यांवर जातो. अर्जात आणि पत्रात एकच हिस्सा लिहिला तर उरलेल्या दोन उताऱ्यांवर तो तसाच राहतो. भावांच्या उताऱ्यावर राहिलेला बोजा मग काही वर्षांनी भांडणाचं कारण होतो.

कागद जोडताना पत्र सरळ ठेवून, चारही कडा दिसतील असं स्कॅन करावं. मोबाइलवर काढलेल्या फोटोत गोल शिक्का पुसट येतो आणि जावक क्रमांक वाचता येत नाही, मग तेवढ्यावरून अर्ज परत येतो. बेबाकी दाखला, बोजा कमी करण्याचं पत्र आणि चालू सातबारा हे तिन्ही जोडावेत. शेवटी स्वयंघोषणापत्र आहे. ते वाचून मगच पुढे जावं, कारण दिलेली माहिती खोटी निघाली तर जबाबदारी अर्जदाराची.

अर्ज तलाठ्याच्या लॉगिनला जातो. २०२४ पासून या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी असं झालं आहे, पण बोलण्यात तलाठीच राहिला आहे. त्याने अर्ज मान्य केला की ई-फेरफार प्रणालीत नवा फेरफार तयार होतो आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे नोटीस निघते. ही नमुना ९ ची नोटीस. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली नाही तर तलाठ्याच्या वरचा मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो, आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. बोजा कमी करण्याला हरकत क्वचितच येते. रक्कम पुरी न मिळाल्याचं सांगत बँकच आली तर येते, आणि ते बहुधा चुकीच्या खात्याचा दाखला जोडल्याने होतं.

या १५ दिवसांत ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गाव निवडून नोटीस पाहता येते. फेरफार क्रमांक, तारीख, गट आणि हरकतीची मुदत कधी संपते ते तिथे दिसतं. अर्ज मान्य झाल्याचा निरोप आला आणि चावडीवर मात्र नोटीस दिसत नसेल, तर काम तलाठ्याकडे थांबलं आहे. नोटिशीची मुदत संपून गेली आणि उतारा बदलला नाही, तर ते मंडळ अधिकाऱ्याकडे थांबलं आहे. कुणाकडे जाऊन विचारायचं ते एवढ्यावरून ठरतं. पूर्वी दोन्हीकडे खेटे घालावे लागत. या सेवेतली सर्वांत उपयोगाची गोष्ट कुठली असं विचाराल तर हीच.

प्रमाणित झाल्यावर नवा उतारा काढून बघताना एक गोष्ट ठाऊक असावी. ‘कोरा सातबारा’ असं आपण म्हणतो, पण उतरवलेली बोजाची ओळ उताऱ्यावरून लगेच नाहीशी होत नाही. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हापासून कमी केलेल्या नोंदी कंसात टाकून त्यांवर आडवी रेघ मारलेली दिसते. रेघ असेल तर बोजा गेला. नुसता कंस बघून समाधान मानू नये, कारण चालू नोंदीतही फेरफार क्रमांक कंसातच असतो. त्याच रकान्याच्या शेवटी ‘प्रलंबित फेरफार’ असा मजकूर असतो. तिथे ‘नाही’ आलं पाहिजे. आणि उताऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख असते, ती आपल्याच फेरफाराची आहे ना तेही पाहावं.

सगळ्यात किचकट प्रकरणं जुन्या बोजांची. कर्ज आजोबांनी घेतलेलं, फेडलेलंही, पण बोजा उतरवायचा राहून गेलेला. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना ओळ आली, फेरफार क्रमांक आला नाही किंवा चुकीचा आला. अशा वेळी तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या फेरफाराची नक्कल आधी काढावी. संगणकीकरणात चूक झाल्याचं त्यावरून दिसलं तर कलम १५५ खालच्या दुरुस्तीचा मार्ग वेगळा आहे, तो बोजा कमी करण्याच्या अर्जात मिसळू नये. मूळ कर्जदार मयत असेल तर वारस नोंद आधी, बोजा कमी करण्याचा अर्ज नंतर. उलट क्रमाने गेलं की अर्जदाराचं नाव उताऱ्यावर नसल्याची त्रुटी येते.

बँकच राहिलेली नसेल तर? विलीनीकरणाचं उत्तर सोपं आहे. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० पासून कॅनरा बँकेत. उताऱ्यावर जुनं नाव असेल तर पत्र नव्या बँकेचं घ्यावं, पण त्यात ‘पूर्वीची अमुक बँक, अमुक शाखा’ असं लिहून घ्यावं. नाहीतर नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. भूविकास बँकेची गोष्ट वेगळी. जिल्हा भूविकास बँका अवसायनात गेल्या, म्हणजे कारभार गुंडाळायला निघाल्या, आणि २०२२ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या कर्जदार शेतकऱ्यांची कर्जं माफ करण्याचा निर्णय घेतला. तिथे पत्र शाखेचं नव्हे, कारभार गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अवसायकाचं लागतं.

माफीतही हेच ध्यानात घ्यायचं. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखांपर्यंतची, २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत २ लाखांपर्यंतची कर्जं सरकारने भरली. खात्यात रक्कम आली, पण उताऱ्यावरची ओळ ही वेगळी नोंद आहे. ती तपासून घ्यावीच. एकरकमी परतफेड योजनेत, म्हणजे तडजोडीने, खातं बंद झालं असेल तर सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांच्या अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, ‘क्लोज्ड’ नव्हे. बँकेने व्याज सोडलेलं असतं, म्हणून तो पूर्ण फेडीच्या बरोबरीचा धरला जात नाही. पुढे कर्ज लागणार असेल तर तडजोडीची सही करण्यापूर्वीच याचा विचार करावा.

बेबाकी दाखल्याच्या आधीच पुष्कळ जण अडखळतात, ते शेवटच्या आकड्यावर. पासबुकातली बाकी म्हणजे आज भरायची रक्कम नव्हे. शेवटचं व्याज लागल्यापासून आजपर्यंतचं व्याज त्यात धरलेलं नसतं. विमा हप्ता, तपासणी फी, नोटीस खर्चही मागाहून नावे पडतो. पासबुकावरून रक्कम भरली की खात्यावर पन्नास-शंभर रुपये उरतात, खातं बंद होत नाही आणि उरलेल्यावर व्याज चालू राहतं. म्हणून भरणा करायच्या दिवशीचाच पूर्ण फेडीचा आकडा शाखेकडून लेखी घ्यावा आणि त्याच दिवशी भरावा. हप्ता खात्यातून आपोआप वळता होण्यासाठी दिलेला नॅच आदेश रद्द करावा, आगाऊ दिलेले धनादेश परत मागावेत. सहकारी संस्थेत कर्जाच्या वेळी भाग भांडवल (संस्थेच्या शेअरची रक्कम) कापलेलं असतं, ते वेगळ्या अर्जाने मागावं लागतं.

कर्ज गृहकर्जासारखं वैयक्तिक असेल आणि बँक पत्र द्यायला टाळाटाळ करत असेल तर रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने घातलेला नियम दाखवावा. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू झाला. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ दस्तऐवज परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. दस्त गहाळ झाले असतील तर नक्कल काढून द्यायला आणखी ३० दिवस मिळतात, आणि त्या नकलेचा खर्च बँकेचा. नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका आणि वित्त कंपन्यांनाही तो लागू आहे. पतसंस्था आणि गावची विविध कार्यकारी सोसायटी मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. तिथे तक्रार सहकार खात्याच्या तालुका उपनिबंधक किंवा सहाय्यक निबंधक कार्यालयात करावी. सोसायटीत सचिवाची सही मिळाली तरी चेअरमनची राहते आणि पत्र अर्धवट ठरतं, हेही पाहून घ्यावं.

बँकांना ई-हक्कवर स्वतःचं लॉगिन असतं. शाखेने स्वतःच बोजा कमी करण्याचा अर्ज टाकला तर ते सर्वांत उत्तम, कारण देणाऱ्याचा आणि उतरवणाऱ्याचा कागद एकाच हातातून जातो. शाखेत हे जरूर विचारावं. बऱ्याच ठिकाणी बोजा चढवताना ते लॉगिन तत्परतेने वापरतात, उतरवताना ग्राहकाला पत्र देऊन पाठवतात. इथे सुधारणा व्हायला हवी, आणि ती संकेतस्थळापेक्षा बँकांच्या हातात आहे.

दोन ठिकाणी ही सेवा पुरत नाही. शहरातल्या मिळकत पत्रिकेचं (तिथल्या जमिनीच्या उताऱ्याचं) काम तलाठ्याकडे नसतं, ते भूमी अभिलेख खात्याच्या नगर भूमापन कार्यालयाकडे असतं. आणि गहाणखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं असेल तर नुसत्या पत्रावर भागत नाही. बँकेकडून गहाणमुक्तीचा दस्तही नोंदवून घ्यावा लागतो आणि त्याची प्रत अर्जाला जोडावी लागते. कुठल्या प्रकारचं गहाण आहे ते मूळ कर्जमंजुरीच्या पत्रात लिहिलेलं असतं, ते बँकेत जाण्याआधी घरी शोधून ठेवावं.

संकेतस्थळ बंद असेल किंवा जमत नसेल, तर कागदी अर्ज तलाठ्याकडे देता येतो. त्याची पोच तारखेसह लेखी घ्यावी. काम झाल्यावरही बेबाकी दाखल्याची मूळ प्रत तलाठ्याकडे देऊन टाकू नये. छायाप्रत द्यावी, मूळ दाखवून परत आणावी, आणि रेघ मारलेल्या नव्या उताऱ्याबरोबर एकाच पाकिटात ठेवावी.